देवाला सोडलेल्या सीड्या

जगातल्या कुठल्याही दोन अनोळखी माणसांना एका चटईवर बसवून चहा पाजता येतो, फक्त मधे आमचे साडू पाहिजेत, असं वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी माझं ठाम मत झालेलं आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी नोकरीत ते पशुधन पर्यवेक्षक होते. गेवराई तालुक्यातल्या गावांमधून सायकलवर आणि पुढं लुनावर फिरून त्यांनी तीस वर्षं गुरं टोचली, अडलेल्या गाई सोडवल्या आणि कुठल्या बैलाची जोडी कुठल्या बैलाशी जमेल याचे फुकट सल्ले दिले. लोक त्यांना डॉक्टर म्हणत आणि ते दर वेळी दुरुस्ती करत, "मी डॉक्टर न्हाई. डॉक्टर तालुक्याला ऱ्हातेत. मी जनावराजवळ ऱ्हातो." निवृत्त झाल्यावर जनावरं सुटली आणि त्यांनी जिल्हाभर फुकटच्या सॉफ्टवेअरच्या सीड्या वाटायला घेतल्या. स्वतः फारशा वाटल्या असं नाही. ज्याच्याजवळ सीडी आहे त्याची आणि ज्याला ती पाहिजे त्याची गाठ घालून देणं, हेच त्यांचं मुख्य काम. पण ते त्यांनी अशा थाटानं केलं की आजही बीडपासून पार कडा गावापर्यंत त्यांच्या गोष्टी निघतात.

त्यातलीच एक गोष्ट गेल्या वर्षी त्यांच्या तेराव्याच्या पंगतीत निघाली. डॉक्टरांनी एकदा हेडमास्तरांच्या शाळेचा अख्खा संगणक पुसून काढला होता, ही ती गोष्ट. त्यावरून काही लोक त्यांना 'पुसणारे डॉक्टर' म्हणत. पंगत प्रेमानंच हसली, बुंदी वाढणारा हसला, आणि ज्या शाळेचा संगणक पुसला गेला तिचा त्या वेळचा हेडमास्तर, म्हणजे मी, मीही हसलो. ती गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असलेली दोनच माणसं त्या मांडवात होती. एक मी. दुसरी कोण ते पुढं येईलच. हसून झाल्यावर बुंदी तशीच पानात राहिली, म्हणून हे लिहायला बसलो.

सुरुवात अशी झाली. निवृत्तीनंतर साडूंनी एक जुना संगणक घेतला, गुरांच्या आजारांवर आपल्याला जे कळतं ते लिहून ठेवावं म्हणून. तो दोन महिन्यांत बसला. बीडच्या एका दुरुस्तीवाल्यानं त्यांना संगणक चालवायच्या मूळ सॉफ्टवेअरची एक सीडी दिली आणि सांगितलं, "काका, ही टाका. फुकट हाय. नकला काढून कुणालाबी द्या." साडूंचा फुकट या शब्दावर विश्वास नव्हता. सरकारी लस फुकट असते, पण तिलासुद्धा तीन ठिकाणी सही लागते. त्यांनी ती सीडी उन्हात धरली, उलटी केली, वास घेतला. मग त्या सॉफ्टवेअरबरोबरचा इंग्रजी करारनामा माझी डिक्शनरी मांडीवर घेऊन अकरा दिवस वाचला. असले करारनामे जगात कुणी वाचत नाही, असं मला पुढं एका जाणकारानं सांगितलं. बाराव्या दिवशी ते माझ्या घरी आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, "हेडमास्तर, हे देवाला सोडलेल्या वळूसारखं हाय."

आमच्याकडं नवस फेडायला एखादा गोऱ्हा देवाच्या नावानं मोकळा सोडतात. त्याला कुणी बांधायचं नाही, विकायचं नाही. तो कुणाच्याही रानात चरतो आणि कुणाच्याही गाईला वासरू देतो. "कुणाचाच न्हाई म्हणून सगळ्यांचा," साडू म्हणाले. "पण हे त्याच्यातबी एक पाऊल पुढं हाय. ह्याच्यात लिहिलंय, ह्याला बदलून जे नवं वासरू होईल तेबी मोकळंच सोडायचं. दावं लावायचं न्हाई." हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता. करारनामा वाचून गहिवरलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही.

त्या काळात इंटरनेट बीडला होतं, तालुक्याला त्याची पाटी होती आणि गावाला त्याची बातमी होती. सीडी भरून देणारे हौशी लोक बीडला होते, मागणारे गावोगाव होते, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. साडूंनी आपल्या लोखंडी पेटीतून एक लांबलचक रजिस्टर काढलं. ते गाई भरवण्याचं रजिस्टर होतं. खात्यानं नमुना बदलला तेव्हा रद्द झालेलं, पण कोरं. कागद वाया घालवणं त्यांना पाप वाटे, म्हणून छापील रकान्यांना धक्का न लावता त्यांनी कामाला सुरुवात केली. 'गाईचा मालक' या रकान्यात सीडी मागणाऱ्याचं नाव. 'गाईचे वय' मध्ये त्याच्या संगणकाचं वय. 'वळूचा क्रमांक' मध्ये सीडीचा नंबर. 'परिणाम' या रकान्यात काम फत्ते झालं की 'लागू झाले'. शेवटी 'शेरा' म्हणून मोठा रकाना होता, त्यात अमक्या मागणाऱ्याकडं तमकाच स्वयंसेवक का धाडला याचं कारण. साडूंचं अक्षर फक्त त्यांच्या दवाखान्यातल्या शिपायाला वाचता येई, म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं. दर रविवारी ते यायचे, सांगायचे आणि मी सुवाच्य अक्षरात लिहायचो, की वडवणीच्या एका पतसंस्थेच्या चेअरमनची सहा वर्षांची गाय सतरा नंबरच्या वळूनं लागू झाली.

त्यांचे नियम होते. सीडी पोस्टानं जायची नाही, माणसाच्या हातानंच जायची. नेणाऱ्यानं मागणाऱ्याच्या घरी चहा प्यायलाच पाहिजे, कारण चहा न पिता दिलेल्या वस्तूची माणूस निगा राखत नाही. तिसरा नियम त्यांनी गोठ्यातून आणलेला होता. गाय व्याली म्हणून लगेच उठून जायचं नसतं, वार पडून ती उभी राहीपर्यंत बसायचं असतं. "मशीन सोताच्या पायावर उभी ऱ्हाईपस्तोर कुणी उठायचं न्हाई," ते प्रत्येक स्वयंसेवकाला सांगत. "बस गेली तर जाऊ द्या. बस उद्याबी येती."

खरी गंमत जुळणीत होती. मागणाऱ्याची चिठ्ठी आली की साडू आधी संगणकाबद्दल विचारत, मग घरात कोण कोण आहे ते, आणि मग मागणाऱ्याच्या स्वभावाबद्दल चार ठिकाणी चौकशी करत. वडवणीला एक निवृत्त तलाठी होते. समोरचा काय म्हणतो ते ऐकायच्या आधीच ते त्याच्या विरुद्ध बोलत. त्यांच्याकडं गेलेले तीन स्वयंसेवक लागोपाठ परत आले, तिसरा तर सीडी तिथंच टाकून आला. साडूंनी दोन रविवार विचार केला आणि वीज मंडळातल्या एका वायरमनला धाडलं. हा वायरमन दिवसातून चार-पाच शब्द बोले, तेही खांबावरून. तो गेला, चहा प्यायला, आणि तलाठीबुवा अडीच तास जे जे सांगत होते त्यातलं काहीही न करता, एक शब्द न बोलता, सीडी टाकून, संगणक चालू करून आला. आठ दिवसांनी तलाठ्यांचं पत्र : 'आपण पाठविलेला गृहस्थ अत्यंत जाणकार असून त्याच्याशी चर्चा करून समाधान वाटले.'

संगणक तपासायची त्यांची तऱ्हा जनावराचीच. आधी पाठीवरून हात फिरवायचे. मग मागून पुढून बघायचे, पण एकदम मागून जायचे नाहीत, जुनी सवय. कड्याला एका किराणा दुकानदाराचा संगणक घरघरत होता. साडूंनी पिशवीतून नळी काढली, तीच गुरांची, कानाला लावली आणि डबड्याच्या कुशीला टेकवून डोळे मिटले. दुकानात उभी असलेली गिऱ्हाईकं चिडीचूप. दुकानदारानं भीत भीत विचारलं, "डॉक्टर, काही सीरियस?" साडू म्हणाले, "श्वासात अडथळा हाय. खोला." खोललं तर पंख्यात पोत्याची सुतळी गुंतलेली. त्या दिवशी दुकानदाराला संगणकाबरोबरच म्हशीचं औषधही लिहून मिळालं. म्हैस साडूंनी पाहिली नव्हती, पण तिचं शेण येताना वाटेत पाहिलं होतं.

सीड्या ते लसीच्या पेटीतून न्यायचे. बर्फ नाही, लस नाही, पण हातात ती पेटी असल्याशिवाय त्यांना गावात शिरल्यासारखं वाटत नसे. चकलांब्याच्या पुढं एका धनगरवाड्यावर ते असेच पेटी घेऊन गेले. एका घरच्या सुनेनं सीडी मागितली होती. पेटी लांबून दिसली आणि वाड्यावर हाळी गेली. साडू पोचले तोवर चारशे शेळ्यामेंढ्या ओळीनं उभ्या होत्या आणि एक म्हातारा पहिल्या शेळीचा कान धरून तयार होता. "आंत्रविषाराची ना, डॉक्टर?" त्यानं विचारलं. लस नाही, सीडी आहे, हे चारशे जनावरांसमोर सांगायचं साडूंच्या जिवावर आलं. ते म्हणाले, "आज नुसती तपासणी हाय." आणि सकाळी दहापासून दिवस कलेपर्यंत त्यांनी चारशे जनावरांचे डोळे, दात आणि खूर तपासले. मग हात धुऊन सुनेच्या संगणकापाशी बसले. ती म्हणाली, "काका, चारशेवं मेंढरू झालं. आता ह्याचं बगा." ही सविता. साडूंची सगळ्यात चांगली स्वयंसेविका ती पुढं झाली. आणि तेराव्याच्या मांडवात माझ्याखेरीज खरं ठाऊक असलेलं दुसरं माणूस तीच.

सविता माझीच विद्यार्थिनी. गणिताच्या तासाला खिडकीतून बाहेरची मेंढरं मोजते म्हणून मी तिला दोन वर्षं मागच्या बाकावर बसवली होती. पुढं ती गेवराईला शिकून बीएस्सी झाली. साडू तिला नेहमी अवघड घरी पाठवत. ती थांबा म्हणू शकत असे, हे त्याचं कारण. मागणारा उतावीळ होऊन कळफलकावर हात मारायला लागला की ती शांतपणे त्याचा हात उचलून बाजूला ठेवी आणि म्हणे, "थांबा. ते काय विचारतंय ते आधी वाचू."

आता माझ्या शाळेचं. आमच्या शाळेत एक चांगला संगणक होता आणि त्यात आमच्या कारकुनानं दोन उन्हाळे खपून सात वर्षांचे निकाल आणि दाखल्यांचं रजिस्टर चढवलं होतं. मी निवृत्त व्हायला चार महिने राहिले होते. जाता जाता शाळेतल्या मुलांनाही हे मोकळं सॉफ्टवेअर मिळावं असं मनात आलं आणि एका रविवारी मी साडूंना म्हणालो, "आमच्या शाळेचीही नोंद घ्या." ते खूश झाले. नंबर दिला एक्केचाळीस. रजिस्टर मात्र त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि ती ओळ आपल्या हातानं लिहिली. मी म्हणालो, "काय लिहिलंत?" तर म्हणाले, "मागणाऱ्यानं शेरा वाचायचा नसतोय." आणि मला कुणाबरोबर जुळवलं ते सांगितलं. सविता.

मला ते लागलं. ज्या मुलीला मी मागच्या बाकावर बसवली, ती माझ्या शाळेत, माझ्या शिक्षकांसमोर, माझा हात उचलून बाजूला ठेवणार. साडूंनी सीडी माझ्याच घरी ठेवली. स्वयंसेवकाशिवाय सीडी मागणाऱ्याच्या हाती द्यायची नाही, हा त्यांचा नियम त्यांनी फक्त त्या एका वेळी मोडला, कारण मागणारा साडू होता. "सोमवारी ती अकराच्या बसनं येती. तवर हात लावायचा न्हाई. आन ध्यानात ठिवा, ते विचारंल की जुन्याच्या शेजारी बांधू का जुनं सगळं पुसून दावण रिकामी करू. शेजारी म्हणायचं. एका दावणीला दोन जनावरं." मी मान हलवली.

सोमवारी अकराची बस आली नाही. साडेअकरा झाले. शिक्षक जमलेले, कारकून जमलेला. कुणीतरी म्हणालं, "सविता येऊ द्या, सर, तिला येतंय ते." बस्स. मी म्हणालो, "त्यात काय यायचंय?" सगळ्यांना आपापल्या कामाला पिटाळलं आणि एकट्यानंच सीडी घातली.

माझी एक खोड आहे, ती इथं सांगावी लागेल. छत्तीस वर्षं मी वरून आलेल्या प्रत्येक कागदाला होय म्हटलं. माहिती पाठवली का, होय. सूचना वाचून दाखवल्या का, होय. झाडं लावली का, होय. सविस्तर इंग्रजी मजकूर आणि खाली होय-नाहीचे दोन चौकोन दिसले की माझा हात आपोआप होयकडं जातो, मजकूर वाचायची गरज पडत नाही. आमची आक्का, म्हणजे साडूंची बायको, तर सांगते की माझं लग्नही असंच ठरलं. मुलगी आतून बाहेर यायच्या आधीच मी सासऱ्यांना होय म्हणून बसलो होतो. तर त्या यंत्रानं मला विचारलं. मी होय म्हटलं. त्यानं पुन्हा, जरा जास्त ओळींमध्ये विचारलं. मी होय म्हटलं. तिसऱ्यांदा त्यानं लाल अक्षरात विचारलं. लाल अक्षर म्हणजे तातडीचं, हे कार्यालयीन शिक्षण. मी ताबडतोब होय म्हटलं.

सविता पोचली तेव्हा पडद्यावरची पट्टी निम्म्याहून पुढं गेली होती. ती चालत आली होती, बस चकलांब्यालाच बंद पडली होती. तिनं पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. तिथूनच म्हणाली, "गुरुजी, दावण रिकामी झाली."

पुढच्या आठवड्यात शिक्षण विस्तार अधिकारी चौकशीला आले, शालेय समिती बसली, सरपंच आले. दाखल्यांचं मूळ कागदी रजिस्टर कपाटात होतं, म्हणजे जगबुडी नव्हती, कारकुनाचे दोन उन्हाळे गेले एवढंच. पण हेडमास्तरच्या हातून गेले असं कागदावर आलं असतं, तर निवृत्तीचे माझे कागद त्या चौकशीत अडकले असते. साडूंना कुणीतरी कळवलं. ते सकाळच्या बसनं आले आणि मला शाळेच्या मागं लिंबाखाली घेऊन गेले.

"कुणी दाबलं?"

"ती सीडी घातल्यावर आपोआपच..." मी म्हणालो.

आपोआप काही होत नाही, ती तीनदा विचारते, हे त्या माणसाइतकं जिल्ह्यात कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. आजारी जनावराकडं बघायचे तसं, रागानं नाही, कुठं दुखतंय ते शोधत. मग धोतराला हात पुसले आणि आत गेले.

"सीडी माझी," ते समितीला म्हणाले. "नीट सांगायला पायजे होतं, ते माझ्याकडून ऱ्हायलं. हेडमास्तरचा दोष न्हाई."

सरपंच म्हणाले, "डॉक्टर, तुमचा गुरांत एवढा हात चालतोय, ह्या भानगडीत कशापायी पडलात?"

"चुकलं," साडू म्हणाले.

विस्तार अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. मी समोर बसलो होतो. लिहून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "हेडमास्तर, असंच झालं ना?" आणि मी, सवयीप्रमाणे, होय म्हणालो.

हा माझा चौथा होय. पहिल्या तिघांची मला लाज वाटते, पण हसूही येतं. चौथ्याचं हसू येत नाही.

ती बातमी एसटीपेक्षा लवकर पोचली. डॉक्टरची सीडी घातली की सगळं पुसतं, असं गावोगाव झालं. चिठ्ठ्या यायच्या बंद झाल्या. बीडचे हौशी लोक एकेक करून पांगले. सविताला आमच्या शाळेत मुलांना संगणक शिकवायला घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, तेही बारगळलं. साडू रविवारी येत राहिले, पण रजिस्टर आणत नसत. आम्ही पाऊसपाण्याचं बोलायचो. मी वेळेवर निवृत्त झालो, हार घातले गेले, साडूंनी भाषणही केलं आणि त्यात, हेडमास्तरनं आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही, असं सांगितलं. टाळ्या पडल्या. ते टोचून बोलले की कौतुक केलं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. कौतुकच असावं. त्यांना टोचायला सुई लागायची.

एकदाच विषय निघाला. चार-पाच वर्षं गेली होती. आम्ही ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलो होतो. ते एकदम म्हणाले, "साडूभाऊ, किती खेपा विचारलंतं त्या सीडीनं?"

मी म्हणालो, "तीन."

"आन तुमी तिन्ही खेपा होय म्हणलात?"

"हो."

"वाचलंतं का?"

"नाही."

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले आणि खांदे गदगदा हलवत हसायला लागले. आतून आक्का बाहेर आली आणि म्हणाली, "काय झालं ओ एवढं?" साडू म्हणाले, "काय न्हाई. तुज्या बहिणीच्या लग्नाचं आठवलं." त्यांनी मला त्याच वेळी मोकळं केलं होतं. पण लोक त्यांना पुसणारे डॉक्टर म्हणत राहिले, ती दुरुस्ती मी कधी केली नाही. डॉक्टर म्हटलं तरी दुरुस्ती करणारे ते, पुसणारे म्हटल्यावर मात्र गप्प राहत. माझ्यासाठी गप्प राहत.

तेरावं झाल्यावर आक्कानं लसीची पेटी माझ्यापुढं आणून ठेवली. म्हणाली, "आत तुमचंच अक्षर हाय सगळं. तुमीच न्या." पेटीत उरलेल्या सीड्या होत्या, प्रत्येकीवर शाईनं घातलेला नंबर, गुरांच्या कानातल्या बिल्ल्यासारखा. खाली रजिस्टर. माझ्या सुवाच्य ओळींच्या शेवटी ती एक ओळ, कोंबडीचे पाय उमटल्यासारखी. मला ती लागेना. त्यांच्या दवाखान्यातला शिपाई कधीच गेला. शेवटी सविताला फोन केला. ती आता गेवराईला लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान चालवते. साडूंच्या चिठ्ठ्या वाचून वाचून त्यांचं अक्षर तिला लागतं.

ती रविवारी दुपारी आली. रजिस्टर खिडकीच्या उजेडात धरून तिनं वाचलं. गाईचा मालक : साडू. गाईचे वय : तीन वर्षे. वळूचा क्रमांक : एक्केचाळीस. परिणाम : कोरं. आणि शेरा : 'मागणारा गरीब. कुणाला न्हाई म्हणता येत न्हाई. बरोबर थांबा म्हणणारं माणूस पायजे. सविता.'

गरीब म्हणजे आमच्याकडं मारकं नसलेलं जनावर. मला अपमान वाटला होता त्या जुळणीचा. त्यांनी तर माझ्या हाताला एक हात शोधून दिला होता.

"तू तेव्हा कुणालाच का सांगितलं नाहीस?" मी सविताला विचारलं.

"सांगणारच होते. काकांनी न्हाई म्हणलं. म्हणले, गरीब जनावर हाय, घाबरलंय. सवडीनं उठंल."

सतरा वर्षं झाली. मी पेन काढलं आणि त्यांच्या ओळीखाली, माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'शाळेचा संगणक मागणाऱ्याने स्वतःच्या हाताने पुसला. न वाचता तीनदा होय म्हटले. सीडीचा दोष नाही. देणाऱ्याचा नाही. स्वयंसेविका वेळेवर निघाली होती, बस बंद पडली.' खाली सही केली. सवितानं वाचलं आणि म्हणाली, "तारीख ऱ्हायली, गुरुजी." तारीख घातली.

"आणि परिणाम?" मी विचारलं. "तो रकाना कोराच आहे."

"ते आत्ता नगा लिहू. आधी ही सगळी गोष्ट लिहून छापायला द्या. लोकांनी वाचलं की बगू."

घड्याळात पाच वाजून गेले होते. मी म्हणालो, "तुझी साडेपाचची बस आहे, निघ." ती उठली नाही. तिनं लसीची पेटी जवळ ओढली, एक्केचाळीस नंबरची सीडी पदराला पुसून परत आत ठेवली आणि म्हणाली, "लिहा तुमी. तुमचं होईपस्तोर बसते. बस उद्याबी येती."

तिच्यासमोर बसूनच मी हे लिहायला घेतलं. चहा दोनदा झाला.